सगळे माझ्याजवळच मन मोकळं करतात, मग मी मानसतज्ज्ञ व्हावं का?

पत्र लिहिणाऱ्या बाई ३२ वर्षांच्या आहेत. नऊ वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी करतात. अडीच वर्षांपूर्वी लांबलेल्या आजारपणात त्यांची आई गेली. त्यानंतर झोप उडाली, कामात चुका व्हायला लागल्या, तेव्हा त्या एका मानसतज्ज्ञांकडे जाऊ लागल्या. चौदा महिन्यांच्या थेरपीने त्या सावरल्या. तिथेच ‘आपण खरं तर हेच काम करायला हवं होतं’ असं मनात आलं, ते अजून गेलेलं नाही. त्या लिहितात, ‘लहानपणापासून सगळे माझ्याजवळच मन मोकळं करतात. मैत्रिणी, ऑफिसातली मंडळी, नणंदसुद्धा. मला माणसं पटकन कळतात आणि मी दिलेला सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघतो.’ मात्र कुणाचं दुःख ऐकलं की पुढचे दोन दिवस त्यांना काही सुचत नाही, डोळे भरून येतात. गणिताची शाळेपासून धास्ती आहे. नवऱ्याचा विरोध नाही, पण त्याने विचारलेला एक प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला आहे: ‘ही आवड आहे, की आई गेल्याच्या दुःखातून तू अजून बाहेर पडलेली नाहीस?’ मानसशास्त्राच्या एका अभ्यासक्रमाच्या अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. शिवाय सहा महिन्यांत घरबसल्या ‘समुपदेशक’ करून देणाऱ्या एका कोर्सची जाहिरातही त्यांच्यासमोर आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: मला उशीर झाला का? माझा स्वभाव या कामाला चालेल का? राजीनामा देऊन टाकू का?

राजीनामा आत्ता देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण मुदतीचं ओझं डोक्यावर असलं की बाकीचं काही धड वाचलं जात नाही. अर्जाचं काय करायचं ते शेवटाकडे बोलू.

तुमच्या पत्रातलं तुम्हाला सगळ्यात भक्कम वाटणारं कारण म्हणजे लोक तुमच्याशी मोकळेपणी बोलतात, तुम्हाला माणसं कळतात आणि तुमचा सल्ला बरोबर निघतो. यातल्या कशावरही मी अविश्वास दाखवत नाही. पण हे गुण मैत्रीतले आहेत. आमच्या कामात त्यातला पहिला थोडाफार उपयोगी पडतो, दुसऱ्यापासून सावध राहावं लागतं आणि तिसरा अंगातून जायला दोन-तीन वर्षं लागतात. माझी तर लागलीच.

मी शिकत होते तेव्हा क्लायंटच्या लेखी संमतीने सेशन टेप करायचं आणि आठवड्यातून एकदा पर्यवेक्षक बाईंसमोर बसून ती टेप ऐकायची, अशी पद्धत होती. एक तरुण माझ्याकडे येत होता. ओळख पटू नये म्हणून त्याच्याबद्दल जास्त सांगत नाही. एका दिवशीचं सेशन मला फारच छान झाल्यासारखं वाटलं. जाताना तो ‘बरं वाटलं’ म्हणाला होता. बाईंनी एका कागदावर दोन रकाने आखले, एक त्याचा आणि एक माझा. टेप सुरू झाली. दर मिनिटाला, जो जास्त बोलला असेल त्याच्या रकान्यात एक उभी रेघ. पन्नास मिनिटं संपली तेव्हा माझ्या रकान्यात एकतीस रेघा होत्या. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी टेप मागे नेली आणि एक जागा पुन्हा ऐकवली. तो म्हणत होता, ‘हे बाबांना सांगितलं तर...’ आणि थांबला होता. दोन सेकंदही गेले नसतील, लगेच माझा आवाज: ‘सांगून तर बघा, ते नक्की समजून घेतील.’ बाईंनी टेप बंद केली आणि विचारलं, ‘तो काय सांगणार होता?’

मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. त्यानंतर तो दोनदा आला, मग यायचा थांबला.

व्यसनाशी झुंजणाऱ्या लोकांबरोबर काम करताना विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी चटकन सल्ला द्यायच्या या ओढीला एक नावच दिलं आहे. मराठीत मी तिला ‘नीट करायची घाई’ म्हणते. समोर काही वाकडं दिसलं की आपले हात ते सरळ करायला पुढे होतात. हेतू चांगलाच असतो. पण आपण बदलाच्या बाजूने जितका जोर लावतो, तितका समोरचा माणूस न बदलण्याची कारणं आपल्याला ऐकवत बसतो, आणि ती ऐकवता ऐकवता त्याला स्वतःलाच पटत जातात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हे गृहस्थ कॉलेजात गेले ते शेतकी शिकायला. मग धर्मोपदेशक व्हायला निघाले आणि तिथून मानसशास्त्रात आले. (उशिराने वाट बदलण्याची भीती वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात ते अडचणीतल्या मुलांबरोबर काम करत असतानाचा एक प्रसंग त्यांनीच सांगून ठेवला आहे. एका खोडकर मुलाची आई त्यांच्याकडे येत होती. तिने मुलाला लहानपणी झिडकारलं हे मूळ आहे, असं रॉजर्स यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते तिला हळूहळू तिथे न्यायचा प्रयत्न करत होते. काही केल्या जमेना. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं, की आपल्या दोघांचे प्रयत्न फसले, आता थांबू या. तिलाही ते पटलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, ‘तुम्ही मोठ्या माणसांनाही मदत करता का?’ हो म्हटल्यावर परत येऊन बसली आणि आपल्या संसाराबद्दल बोलायला लागली. इतके आठवडे रॉजर्स जे विचारत होते त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. कुठे दुखतंय ते तिचं तिला माहीत होतं.

‘मला माणसं कळतात’ याबद्दलही एक आकडा सांगते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेरपिस्टना त्यांच्या ५५० क्लायंटबद्दल विचारलं होतं: यातल्या कुणाची अवस्था थेरपीच्या शेवटी सुरुवातीपेक्षा वाईट झालेली असेल? त्यांना तिघांबद्दल तसं वाटलं. प्रत्यक्षात ४० जणांची अवस्था बिघडली होती, आणि त्या तिघांपैकी फक्त एकाचा अंदाज खरा ठरला. ही शिकलेली, रोज हेच काम करणारी माणसं होती. म्हणून आता बरेच थेरपिस्ट दर सेशनला क्लायंटकडून एक छोटी प्रश्नावली भरून घेतात आणि स्वतःला काय वाटतं त्यापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवतात. माणसं कळतात असं वाटणं आणि ती कळणं यात केवढं अंतर असतं, हे ज्याला मोजून बघावंसं वाटतं त्याला हे क्षेत्र मानवतं. तुम्हाला ते वाटतं का, हे मला पत्रातून कळलं नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. मानसतज्ज्ञ म्हणजे खुर्चीत समोरासमोर बसून दुःख ऐकणारी व्यक्ती. तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसून बऱ्या झालात, तेव्हा असं वाटणं साहजिकच आहे. पण ही या क्षेत्रातली एक खोली झाली, अख्खं घर नव्हे. १८९६ साली लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं. तिथे आलेल्या पहिल्या मुलाला कसलंही मानसिक दुःख नव्हतं. बाकी बाबतींत बरा असलेल्या या मुलाला स्पेलिंग जमत नव्हतं, म्हणून त्याच्या शिक्षिकेने त्याला आणलं होतं. विटमर यांनी आधी डोळे तपासून घेतले, त्यात दोष निघाला, तो दुरुस्त केला आणि मग शिकवणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाकंच आत घ्यायचे. दोन्हींच्या कळा शेजारी शेजारी आणि दिसायला सारख्या होत्या. अल्फोन्स चॅपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका कळीला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसरीला पाचरीच्या आकाराची. हाताला फरक कळायला लागला आणि त्या चुका थांबल्या. एकाही वैमानिकाला ‘लक्ष द्या’ असं समजवावं लागलं नाही.

आणि एक उदाहरण खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही क्लेम विभागात आहात. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्न सगळ्यांना एकच, क्रियापद तेवढं वेगळं. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारलेल्यांचं सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आलं. एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला तिथे ते जवळजवळ ४१ मैल आलं. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी एका आठवड्यानंतर विचारलं, ‘फुटलेली काच दिसली होती का?’ फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरीही ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. ‘धडकल्या’ असा साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी सात जणांनी.

नऊ वर्षं तुम्ही अपघातांचे, आजारपणाचे, मृत्यूचे जबाब वाचताय. समोरच्याला कोणत्या शब्दांत विचारलं तर काय उत्तर येतं, हे तुम्ही रोज बघितलंय. कदाचित त्याकडे या नजरेने बघितलं नसेल. वरची दोन वाक्यं वाचताना तुमच्या टेबलावरची एखादी फाइल आठवली का? आठवली असेल आणि उत्सुकता वाटली असेल, तर थेरपीइतकाच किंवा त्याहून जास्त तुमचा कल साक्ष, स्मरणशक्ती, कामाच्या जागा, निर्णय अशा विषयांकडे असू शकतो. न्यायप्रक्रियेत, उद्योगांमध्ये, शाळांमध्ये, मेंदूच्या आजारांच्या विभागात, संशोधनात असंख्य मानसशास्त्रज्ञ काम करतात. तुमच्या मैत्रिणींपैकी कुणालाही त्यांच्याजवळ रडायला जावंसं वाटणार नाही, आणि तरी ती आपल्या कामात उत्तम आहेत.

तुमची गणिताची धास्तीही इथेच येते. ५० पैकी १६ आणि ५० पैकी ७, हा फरक खरा आहे की योगायोगाने पडला? या एका प्रश्नासाठी संख्याशास्त्र शिकायचं असतं. शाळेतल्या गणिताशी त्याचा संबंध तुम्हाला वाटतो तितका नाही. आकडेमोड संगणक करतो. आपल्याला विचार करायचा असतो, आणि तो क्लेम विभागात नऊ वर्षं काढलेली बाई करते आहेच. पण ते टाळून मात्र चालणार नाही. २०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळचे जवळपास सगळे निष्कर्ष ठाम होते, पुन्हा केल्यावर तसे ठाम निष्कर्ष जेमतेम ३६ टक्के अभ्यासांत मिळाले. ज्याला आकडे वाचता येत नाहीत तो यातलं खरं कुठलं आणि पोकळ कुठलं ते ओळखू शकत नाही, आणि पोकळ गोष्ट तो क्लायंटच्या हातात ठेवतो. हे मला फार गंभीर वाटतं. चांगल्या मनाची माणसं अशा वेळी सर्वांत जास्त नुकसान करतात, कारण त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही.

आता माझा साधासुधा मंगळवार सांगते. पाच सेशन असतात. प्रत्येकानंतर दहा मिनिटं टिपणं लिहायची, ती वाचून उद्या दुसऱ्या तज्ज्ञाला काम पुढे नेता येईल अशी. तिसरे गृहस्थ येतच नाहीत, निरोपही नसतो. त्या पन्नास मिनिटांत मी एका लहान मुलीच्या चाचण्यांचा अहवाल लिहायला घेते. चाचणी घ्यायला दोन तास लागले होते, अहवालाला त्याच्या दुप्पट लागतात, कारण त्यातल्या एका चुकीच्या शब्दाने तिच्या शाळेतल्या पुढच्या चार वर्षांना वेगळं वळण लागू शकतं. दुपारी एका मानसोपचारतज्ज्ञांशी फोन होतो, एका क्लायंटची झोप त्यांच्या औषधांमुळे वाढली की उदासीमुळे, ते ठरवायचं असतं. ते डॉक्टर आहेत, औषधं ते देतात, मी देत नाही. हा फरक बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. चौथ्या सेशनमध्ये क्लायंट बारा मिनिटं गप्प असतात. मीही गप्प असते. पाचव्या सेशनला कुणी जगण्याचा कंटाळा आल्याचं अशा सुरात सांगतं, की मग पहिल्या दिवशी समजावून सांगितलेली गोपनीयतेची मर्यादा प्रत्यक्षात आणावी लागते, त्यांच्यासमोर घरच्यांना फोन लागतो, आणि घरी जायला रात्र होते. ‘तुमच्यामुळे माझं आयुष्य बदललं’ असं कुणी म्हणतं, नाही असं नाही. पण मंगळवारी सहसा म्हणत नाही.

हा दिवस वाचून ‘यातलं बरंचसं कंटाळवाणं आहे, पण मला चालेल’ असं वाटलं, तर ती चांगली खूण आहे. ‘मला हे सगळं आवडेल’ असं वाटलं, तर परत एकदा वाचा.

तुमच्या रडण्याबद्दल. स्वभाव हळवा आहे म्हणून या कामातून कुणी बाद होत नाही. सेशनमध्ये माझेही डोळे भरून आलेले आहेत. प्रश्न त्या दोन दिवसांचा आहे. रॉजर्स यांनी १९५७ मध्ये सहानुभवाबद्दल लिहिताना एक अट घातली होती: दुसऱ्याचं जग जणू आपलंच असल्यासारखं आपल्याला जाणवलं पाहिजे, पण त्यातलं ‘जणू’ सुटता कामा नये. मैत्रिणीचं दुःख दोन दिवस तुमच्या घरात राहतं तेव्हा ते ‘जणू’ सुटलेलं असतं. हे शिकता येतं, त्यासाठीच पर्यवेक्षण असतं, आणि मी इतक्या वर्षांनंतरही दर पंधरवड्याला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांसमोर माझ्या केसेस मांडते. पण ते शिकायला आयुष्यात जागा रिकामी हवी. आज ऑफिस, मैत्रिणी आणि घर मिळून किती जणांची दुःखं तुमच्याकडे वस्तीला आहेत? ती यादी एकदा कागदावर लिहून बघा. त्यात आणखी वीस क्लायंट येणार आहेत.

नवऱ्याचा प्रश्न जिव्हारी लागला, असं तुम्ही लिहिलंय. मला तो प्रेमाचा प्रश्न वाटला. फक्त त्यातलं ‘की’ चुकीचं आहे. आवडही असू शकते आणि दुःखही असू शकतं, एकातून दुसरं उगवलेलंही असू शकतं. मार्शा लिनेहन या मानसशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा आत्महत्येचा विचार करणाऱ्या रुग्णांसाठीच्या एका उपचारपद्धतीच्या जनक म्हणून आधीपासूनच जगभर प्रसिद्ध होत्या. तरुणपणी त्या स्वतः अशाच अवस्थेत मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या दुःखातून हे काम उभं राहिलं यात शंका नाही. पण मधे काय झालं तेही बघा. ‘मी यातून गेलेय, म्हणून मला कळतं’ यावर त्या थांबल्या नाहीत. आपली पद्धत खरोखर उपयोगी पडते का, हे त्यांनी रुग्णांचे दोन गट करून तपासलं आणि १९९१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या दुःखाने प्रश्न दिला, उत्तर मात्र त्यांनी दुसऱ्यांच्या अनुभवात शोधलं.

तुमच्यापुरतं हे पारखायचं असेल तर एक करून बघा. आईच्या आजारपणाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा माणसांची कल्पना करा. बायकोवर हात उगारलेला आणि कोर्टाने पाठवलेला पुरुष. आईवडिलांनी ओढून आणलेला, एक शब्द न बोलणारा सोळा वर्षांचा मुलगा. तुमच्या मतांच्या अगदी उलट मतं असलेली बाई. त्यांच्यासमोर बसायची तयारी आहे? की मनात येणारी प्रत्येक क्लायंट आई गमावलेली मुलगीच आहे? दुसरं उत्तर आलं तर लाज वाटायचं कारण नाही. मग तुमच्या मानसतज्ज्ञांकडे पुन्हा दोन-चार वेळा जा आणि ‘मला तुमच्यासारखं व्हावंसं वाटतंय’ हेच त्यांना सांगा. थेरपीतून सावरलेल्या बऱ्याच जणांना असं वाटतं. ज्यांनी आपल्याला हात दिला त्यांच्या जागी उभं राहावंसं वाटणं ही फार सुंदर भावना आहे, आणि ती बोलायची जागा तीच आहे.

वयाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. देशादेशांत नियम वेगळे असतात, पण ढोबळ रस्ता असा: मानसशास्त्राची पदवी, किंवा दुसऱ्या विषयाचे पदवीधर असाल तर त्याची भरपाई करणारा अभ्यासक्रम, मग पदव्युत्तर शिक्षण, मग पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष काम आणि नोंदणी. काही ठिकाणी डॉक्टरेटही लागते. सहा ते आठ वर्षं धरा. म्हणजे तुम्ही चाळिशीला पोचाल, आणि पुढे पंचवीस वर्षं काम कराल. पिकलेल्या केसांचं कौतुक होणारे व्यवसाय थोडे आहेत, हा त्यातला एक. खरी अडचण वयाची नसून पैशांची आहे. शिकण्याची वर्षं आणि त्यानंतरची सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमाई तुटपुंजी असते. त्या काळाचा घरखर्च नवऱ्याबरोबर बसून महिन्यागणिक मांडा. हे बोलणं आवडीच्या बोलण्याइतकंच गरजेचं आहे, आणि लोक ते टाळतात.

सहा महिन्यांच्या कोर्सबद्दल माझं मत कडक आहे. ऐकण्याची कौशल्यं शिकायला, स्वतःला चाचपून बघायला तो करायचा तर खुशाल करा. पण त्या प्रमाणपत्रावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावून कुणाच्या जखमेला हात घालू नका. बऱ्याच देशांत मानसतज्ज्ञ हे नाव कायद्याने राखलेलं असतं, समुपदेशक हे पुष्कळदा नसतं, आणि या फटीतच असे कोर्स उगवतात. कुठल्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी, मग तो तुम्ही अर्ज भरणार आहात तो का असेना, हे विचारा: नोंदणी करणारी परिषद ही पदवी मानते का? प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास काम करायला मिळतं? त्यावर पर्यवेक्षण कोण करतं आणि एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात? पहिल्या तीन प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं आली तर तिथून निघा.

शाळा संपवून शाखा निवडणाऱ्या मुलामुलींचीही पत्रं मला येतात. त्यांना इतकंच सांगते, की पदवीला मानसशास्त्र घेऊन पुढे मानसतज्ज्ञ न होण्यात काही वाया जात नाही. मुलांनो, तुमच्याजवळ प्रयोगाला वेळ आहे, पत्र लिहिणाऱ्या या बाईंजवळ तो कमी आहे, म्हणून त्यांना मी जास्त सांगतेय.

येत्या सहा-आठ महिन्यांत नोकरी सांभाळून काय करता येईल? मानसशास्त्राचं पदवीच्या पहिल्या वर्षाचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक आणा आणि पहिल्या पानापासून वाचा. त्यात मेंदू, डोळा, कान, उंदरांवरचे प्रयोग असं बरंच येतं, आणि भावनांची प्रकरणं बऱ्याच उशिरा येतात. मधल्या तीनशे पानांत काय वाटतं ते मला महत्त्वाचं वाटतं. संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम करा, शक्यतो याच काळात. भीतीशी समोरासमोर गाठ पडलेली बरी. संकटातल्या लोकांसाठी चालणाऱ्या एखाद्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक व्हा, पण प्रशिक्षण देणाऱ्या आणि फोननंतर तुमच्याशी बोलायला कुणीतरी बसवणाऱ्याच. तिथे तुम्हाला सल्ला द्यायला मनाई असेल. रात्री दहा वाजता एक अनोळखी माणूस वीस मिनिटं रडेल, फोन ठेवेल, आणि त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. त्या रात्री झोप कशी लागते, आणि दहाव्या फोननंतर कशी लागते, ते वहीत लिहून ठेवा. आणि या क्षेत्रातल्या तिघांना भेटा. त्यात एक तरी थेरपी न करणारं असू दे, आणि एक तरी हे काम सोडून गेलेलं. सोडून गेलेल्या माणसाशी बोलायला विसरू नका, त्यांच्याकडून जे कळतं ते आम्ही सांगत नाही.

आणि ते मैत्रिणींचं. पुढच्या वेळी फोन आला की सल्ला द्यायचा नाही, एवढंच ठरवा. तिचं वाक्य अर्धवट राहिलं तर तसंच राहू द्या, पाच आकडे मनात मोजा. हे किती कठीण जातं ते बघा. आणि पाचव्या आकड्यानंतर ती काय बोलते ते ऐका. कदाचित असं काही बोलेल, जे इतक्या वर्षांत तुम्ही तिला बोलूच दिलं नव्हतं.

राहिला अर्ज. मुदत पंधरा दिवसांवर आहे, पण अशी मुदत पुढच्या वर्षीही येते. हा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येण्यासारखा असेल आणि वरच्या चार प्रश्नांची उत्तरं या पंधरा दिवसांत नीट मिळाली, तर भरून टाका, त्याने कुठलं दार बंद होत नाही. नाहीतर या वर्षी जाऊ द्या. ज्या वर्षी भराल त्या वर्षी अर्जात बहुधा एक रकाना असेल, ‘हा अभ्यासक्रम का निवडला?’ असा. त्यात तुम्ही काय लिहिणार आहात ते आज रात्री एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि बाजूला ठेवा. हेल्पलाइनचे चार-सहा महिने झाले की तो कागद न बघता पुन्हा लिहा. दोन्ही कागद मला पाठवलेत तर आनंदाने वाचेन.